वाडग्यातले बोल्ट

प्रेमसिंगची काळी-पिवळी जीप डोंगरकडा गावाच्या रस्त्याला, मुन्नाच्या पत्र्याच्या शेडखाली दीड महिना उघडी पडून होती, आणि त्या रस्त्यावरचा एकही मिस्त्री तिला हात लावायला तयार नव्हता. पैशाचा प्रश्न नव्हता, रिवाजाचा होता. ज्यानं इंजिन उघडलं त्यानंच ते बंद करायचं. दुसऱ्यानं मध्ये हात घातला आणि उद्या काही फुटलं, तर पहिला म्हणणार यानं बिघडवलं, दुसरा म्हणणार आधीच बिघडलेलं होतं, आणि दोघांच्या भांडणात गाडीवाला मरणार. म्हणून आपल्याकडचे मिस्त्री दुसऱ्याच्या उघड्या इंजिनापासून चार हात लांब राहतात. इथे तर ज्यानं उघडलं होतं तोच राहिला नव्हता. मेलेल्या माणसाचं उघडं काम बंद करायला कोण धजणार?

मुन्ना गेला तेव्हा शिवारात नुकतीच हळद काढायला सुरुवात झाली होती. सव्वीस वर्षांचं पोरगं. सकाळपासून जीपवर काम करत होता. दुपारी हात धुतले, आईला म्हणाला, "औंढ्याला जाऊन येतो," आणि मोटारसायकल काढून गेला. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरच्या धरणात मासे धरणाऱ्यांना तो सापडला. मोटारसायकल काठावर होती, चपला दगडावर होत्या. पोलिसांनी पाय घसरून बुडाला असं लिहून घेतलं आणि त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं.

गावापुरतं मिटलं नाही. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कोणी म्हणालं, पाय धुवायला उतरला असेल, शेवाळावरून गेला. कोणी म्हणालं, पोहता येणारं पोरगं पाय धुताना बुडतं होय? आणि औंढ्याला जायचं तर धरणावर कशाला वळायचं? ज्यांनी उभ्या जन्मात मुन्नाला "कसा आहेस रे" म्हणून विचारलं नव्हतं, त्यांना आता त्याच्या मनातलं सगळं ठाऊक होतं. मयतीला आलेल्या बायका त्याच्या आईच्या, पार्वतीबाईच्या गळ्यात पडून रडत, आणि उठून रस्त्याला लागल्या की तेच बोलत. पार्वतीबाईचे कान म्हातारे झाले नव्हते.

प्रेमसिंग माणूस भला. गाडीवर त्याचं पोट, पण एकदाही त्यानं तोंड वाजवलं नाही. दुसरीकडे ओढून नेऊ का, असं त्यानं एकदाच विचारलं, तेव्हा पार्वतीबाई जीपच्या आडवी उभी राहिली. "एवढं बोनेट कुनी उघडू नका," म्हणाली. "शेषरावभाऊ येईपर्यंत थांब." मग ती स्वतःच आखाडा बाळापूरला गेली.

शेषराव मिस्त्रीचं गॅरेज बाळापूरच्या स्टँडच्या मागे. वय साठीकडे झुकलेलं, जीभ कडुलिंबाची. इंजिन कामातून गेलं असेल तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा, आणि काही झालं नसेल तर पान्याला हात न लावता परत पाठवायचा. बायकोनं एकदा भाजी कशी झाली विचारलं, तेव्हा त्यानं जे सांगितलं त्यापायी दोन दिवस तो ताकभातावर होता. पण चांगली झाली असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. अशा माणसाकडे गिऱ्हाईक टिकू नये. पण टिकलं होतं, कारण खोटं ऐकून ऐकून गाडीवाले विटलेले असतात.

मुन्ना त्याच्याच हाताखाली सात वर्षं शिकला होता. हात चांगला, कान त्याहून चांगला, नुसता आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरला दम नाही ते सांगायचा. पण पसारा! खोललेले सगळे नटबोल्ट तो आईच्या स्वयंपाकघरातून आणलेल्या एका चेपलेल्या जर्मनच्या वाडग्यात टाकायचा. लांब, आखूड, वायसर, क्लिप, सगळ्यांची एकच भेळ. शेषराव ओरडायचा, "अरे, ज्या भोकाचा बोल्ट त्या भोकातच दोन आटे फिरवून ठेवत जा. काम असं ठेवावं की तू मधीच उठून गेला तरी दुसऱ्याला बंद करता आलं पाहिजे." त्यावर मुन्नाचं उत्तर ठरलेलं. "म्याच उघडलं, म्याच बंद करनार, उस्ताद. मधी दुसरा कोन तडफडायला येऊन राहिला?" असं म्हणून वाडगा खुळखुळ वाजवायचा. आणि खरंच, त्या भेळेतून हवा तो बोल्ट तो न बघता उचलायचा. त्यामुळे शेषरावला आणखीच राग यायचा.

बाजारच्या दिवशी पार्वतीबाई गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा शेषराव एका टेम्पोखाली होता. तिचे पाय ओळखून तो बाहेर आला.

"भाऊ, एक काम आहे. न्हाई म्हनू नका."

"बोला, वैनी."

"प्रेमसिंगची गाडी तुमी बंद करा. तुमी मुन्नाचे उस्ताद. तुमी हात लावला तर कुनी काही म्हननार न्हाई."

"करतो. त्यात काय?"

"आन् बंद करायच्या आधी मला एक सांगा." तिनं पदर तोंडाशी धरला, मग सोडून दिला. "पोरगं काम अर्ध्यावर टाकून गेलं का आवरून गेलं?"

शेषरावनं हात पुसायला घेतलेलं फडकं तसंच मुठीत धरलं.

"मला इंजिनातलं कळत न्हाई," ती म्हणाली. "पर सैपाकातलं कळतं. तव्यावर भाकर टाकून बाई दारात गेली, तर ती परत येनार आसती. चूल इझवून, तवा घासून, पालथा घालून गेली, तर ती गेली. तुमच्या कामातबी तसंच आसंल ना?"

"तसंच असतं," शेषराव म्हणाला. जीभ कडू असली तरी वाकडी नव्हती.

"मग पाहून सांगा. लोकं म्हनतात, शेषराव मिस्त्री इंजिनाचं खोटं सांगत न्हाई."

"न्हाई सांगत."

"म्हनून तर आले. आवरून गेला आसंल तर तसं सांगा, म्या ऐकीन. मंग माझ्या घरात त्याला काय कमी पडलं, म्या कुठं चुकले, ते हुडकत बसते. मरेस्तोवर हुडकते. पर असं लटकून ऱ्हायला जीव होत न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी प्रेमसिंग शेषरावला मोटारसायकलवर घेऊन आला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या, आणि कुठेतरी हळद शिजत होती, तिचा उग्र वास पार शेडपर्यंत आला होता. जीप जशीच्या तशी होती. बोनेटवर धूळ, टपावर वाळकी पानं. बॅटरी उतरून मेली होती, तेव्हा प्रेमसिंग ती मोटारसायकलवर टाकून डोंगरकड्याला चार्ज झालेली दुसरी आणायला गेला. पार्वतीबाई शेडच्या उंबऱ्याला दगडावर बसली. शेडच्या मागेच घर. घरात जाऊन बसली असती तरी चाललं असतं, पण ती बसली नाही.

शेषरावनं बोनेट वर केलं.

आता इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचं नाकच म्हणा. अॅल्युमिनियमचा जाड नळा, पुढे एकच तोंड, मागे चार. बाहेरची हवा एका तोंडानं घ्यायची आणि चार सिलिंडरांना वाटून द्यायची. डिझेल गाडीच्या या नळ्यात वर्षानुवर्षं काजळी आणि तेल मिळून काळा चिखल साचतो, मग गाडी चढाला ओढत नाही आणि मागे काळा धूर सोडते. प्रेमसिंगच्या जीपला हेच झालं होतं. औषध एकच: मॅनिफोल्ड उतरवायचं, खरवडून धुवायचं, परत बसवायचं. मुन्नानं अशी किती तरी केली होती.

शेषरावला वाटलं होतं की मॅनिफोल्ड बाकावर पडलेलं असेल, बोल्ट वाडग्यात असतील. पण ते जागेवरच होतं. त्यानं पाना काढला आणि पहिल्या बोल्टला लावला. लावल्याबरोबर बोल्ट फिरला. त्यानं पाना ठेवून दिला आणि दुसरा बोल्ट नुसत्या बोटांनी धरला. तोही फिरला. दोन आटे, फक्त दोन आटे.

त्याच्या बोटांना आधी कळलं. डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. त्यानं खाली वाकून पाहिलं, तर मॅनिफोल्ड आणि इंजिनाचं डोकं म्हणजे हेड यांच्या फटीतून हिरव्या लुगड्याच्या चार चिंध्यांची टोकं बाहेर लोंबत होती, एका मापाची.

"काय हो, भाऊ?" पार्वतीबाईनं विचारलं.

"काही न्हाई," शेषराव म्हणाला. "अजून पाहिलं कुठं? वैनी, चहा टाका जरा. घसा वाळला."

ती उठली. जाताना वळून म्हणाली, "चिंध्या लागल्या तर तिथं पोत्यात हायेत. म्याच फाडून देत व्हते. जुनी लुगडी सगळी त्याच्या इंजिनात गेली माझी."

ती आत गेल्यावर शेषरावनं होज पाइपची क्लिप सैल केली, नळी बाजूला घेतली. आडव्या येणाऱ्या वायरी सुतळीनं वर बांधलेल्या होत्या. सुतळीला साधी सुरगाठ होती, ओढली की सुटणारी. मग तो एकेक बोल्ट काढत गेला. लांब बोल्ट लांबाच्या जागी, आखूड आखुडाच्या, ज्याच्याखाली वायसर हवं त्याच्याखाली वायसर. एकही चुकलेला नव्हता. दोन्ही हातांनी मॅनिफोल्ड पुढे ओढलं आणि ते अलगद हातात आलं.

हेडची चार तोंडं समोर होती. प्रत्येकात चिंधीचा बोळा, प्रत्येकाचं शेपूट बाहेर. उघड्या तोंडातून एखादं वायसर जरी आत पडलं तरी इंजिनाचा सत्यानाश, म्हणून बोळे कोंबायचे. आणि बोळा आतच विसरून राहू नये म्हणून शेपूट बाहेर ठेवायचं. हे शेषरावनंच शिकवलेलं. मुन्ना बोळे कोंबायचा, शेपूट कधी ठेवायचा नाही, आणि त्यासाठी डोक्यात टपल्या खायचा.

शेषरावनं मॅनिफोल्ड उजेडाकडे धरलं आणि चारही तोंडांतून आत पाहिलं. आत काजळीचा कण नव्हता. कोपरे खरवडलेले, डिझेलनं धुतलेलं, कोरड्या फडक्यानं पुसलेलं. सणाला घासलेल्या तांब्यासारखं चमकत होतं. भिंतीवरच्या खिळ्याला मधल्या फटीत बसवायचं नवं गॅसकेट टांगलेलं होतं, मापानं कापून, दोन्ही बाजूंनी हलका ग्रीसचा हात फिरवून. आणि बाकावर तो चेपलेला वाडगा होता. रिकामा, धुतलेला, पालथा घातलेला.

खाली ठेवायला जागा न सापडल्यासारखा तो मॅनिफोल्ड हातात धरून उभा राहिला.

चिंध्या उपसायच्या, गॅसकेट लावायचं, बोल्ट आवळायचे. अर्ध्या तासाचं काम उरलं होतं. ज्या पोरानं सकाळपासून एवढं केलं, त्यानं तेवढंच काहून ठेवलं? तेवढ्यासाठी अंगात बळ उरलं नाही म्हणून? की ते उस्तादाच्या हातासाठी राखून ठेवलं, कारण येऊन बंद करणारा तोच असणार हे त्याला ठाऊक होतं? ते आता कळायचं नव्हतं. पण हे काम अर्ध्यावर टाकलेलं नव्हतं. हे काम दुसऱ्याच्या हवाली केलेलं होतं. चूल विझवून, तवा घासून, पालथा घालून.

त्याला आठवलं, जाण्याआधी काही दिवस मुन्ना बाळापूरला आला होता. शेषराव ट्रॅक्टरखाली होता. "बस, आलोच," म्हणाला. मुन्ना बसला, टपरीवरून चहा मागवून प्याला, काही बोलला नाही. शेषराव बाहेर येईपर्यंत तो निघून गेला होता आणि चहाचा पेला धुवून ठेवलेला होता. त्या दिवशी शेषरावला त्याचं बरं वाटलं होतं. पोराला वळण लागलं म्हणाला होता, बायकोला सांगितलंही होतं.

"लेका," तो हेडकडे पाहून म्हणाला, "सात वरसं घसा कोरडा केला तवा ऐकलं न्हाई. आन् ऐकायचं ते आता?" आणि मग त्याला रडू आलं. मोठ्यानं नाही, मागच्या घरात मुन्नाची आई चहा करत होती. त्यानं तोंड बाहीत खुपसलं आणि डिझेलच्या वासात रडून घेतलं.

आतून स्टोचा आवाज येत होता. खरं सांगायचं तर दोन शब्दांचं काम होतं. आवरून गेला. बाईनं स्वतः येऊन विचारलं होतं, ऐकीन म्हणाली होती, आणि शेषरावनं चाळीस वर्षांत इंजिनाबद्दल एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. तेवढीच त्याची कमाई. पण ऐकल्यावर ती काय करणार तेही तिनं सांगितलं होतं. हुडकत बसणार. कोणत्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं, कोणत्या रात्री तो न जेवता झोपला, कोणता शब्द लागला. चाळणीनं पाणी भरत बसणार मरेपर्यंत, आणि हाती काही लागणार नाही. शेषरावला तरी कुठे लागत होतं?

स्टो बंद झाला.

शेषरावनं बाकाखाली पाहिलं. मुन्नानं खरवडलेली काजळी तिथे एका डब्यात होती, ओली, डांबरासारखी. त्यानं चार बोटं बुडवली आणि त्या लखलखीत नळ्याच्या तोंडांत आतून फासली. एका तोंडाला, दुसऱ्याला, चारही तोंडांना. हेडमधल्या दोन चिंध्यांची शेपटं अंगठ्यानं दाबून आत घातली. खिळ्यावरचं गॅसकेट काढून जुन्या टायरमागे ठेवलं. मग पालथा वाडगा सुलटा केला आणि काढून ठेवलेले सगळे बोल्ट, वायसर, क्लिपा ओंजळीनं त्यात ओतल्या. जुना खुळखुळ आवाज झाला. एक बोल्ट काठावर आपटून खाली पडला आणि घरंगळत कुठेतरी गेला. उभ्या जन्मात मुन्नानं एकदाच बराबर काम करून ठेवलं होतं, आणि ते उस्तादानं आपल्या हातानं मोडलं.

पार्वतीबाई दोन कप घेऊन आली. कप बाकावर ठेवले. शेषरावचे डोळे लाल होते, ते तिनं पाहिलं.

"पाहिलं?" तिनं विचारलं.

"पाहिलं."

"सांगा मंग."

"काय सांगू? तुमीच बघा." त्यानं मॅनिफोल्ड तिच्यापुढे धरलं. "ही काजळी बघा. वरवर खरवडली, धुतली न्हाई. ह्या चिंध्या. दोघींचं शेपूट बाहेर, दोन आत. आन् हे बघा." त्यानं वाडगा उचलून हलवला. "सगळी भेळ. कशाला काही ठिकान न्हाई. हे काय आवरून जानाऱ्याचं काम आहे? पोरगं मधीच उठून गेलं. काही सामान आनायला गेलं असंल. येनार होतं."

ती वाडग्याकडे पाहत राहिली. मग शेषरावकडे.

"पाना हातात घ्या, भाऊ," ती म्हणाली. "आन् पुन्ना सांगा."

विळा हातात घेऊन शेतकरी खोटं बोलत नाही, तराजू धरून दुकानदार बोलत नाही असं म्हणतात, आणि पाना हातात घेऊन मिस्त्री बोलत नाही. हे तिला मुन्नानंच कधी तरी सांगितलेलं असणार. शेषरावनं बाकावरचा तेराचा पाना उचलला. हा पाना मूळचा त्याचाच. मुन्नानं स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा त्याला दिलेला. त्यानं तो मुठीत धरला.

"येनार होता, वैनी," तो म्हणाला. "अर्ध्यावर टाकून गेला. येनार होता."

पार्वतीबाईच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा म्हणावा तर हसण्याचा नव्हता. ती मटकन दगडावर बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. दीड महिना तिला बायका रडवत होत्या, ते रडणं निराळं होतं. हे तिचं स्वतःचं होतं. शेषराव चहाचा कप हातात घेऊन दुसरीकडे पाहत उभा राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "असाच व्हता," ती म्हणाली. "ल्हानपनापासून असाच. दप्तर एकीकडं, चप्पल एकीकडं. मी म्हनायची, बायको आली तर काय म्हनंल रे तुला."

"व्हय," शेषराव म्हणाला. "लई पसारा करायचा."

मग तो कामाला लागला. फासलेली काजळी डिझेलनं धुऊन काढली. मुन्नाचे श्रम खाली तसेच होते. वरचं काळं निघालं की आतून पुन्हा तीच चमक आली. चिंध्या उपसल्या, त्या पार्वतीबाईनं मागून घेतल्या आणि झटकून घडी घातली. टायरमागचं गॅसकेट त्यानं ती घरात कप ठेवायला गेली तेव्हा काढलं. मॅनिफोल्ड जागेवर धरलं आणि वाडग्यातून बोल्ट घ्यायला लागला. आता त्याला एकेक शोधावा लागत होता. लांब तो कुठला, आखूड तो कुठला, घालून बघायचा, नाही बसला की काढायचा. सगळे झाले आणि एक कमी पडला.

"काय हुडकता?" परत आलेल्या पार्वतीबाईनं विचारलं.

"एक बोल्ट दिसत न्हाई."

"न्हाईच दिसनार!" ती पदर खोचून खाली बसली आणि जीपखाली हात घालून चाचपायला लागली. "एक वस्तू जाग्यावर ठेवील तर शपथ. बघा, शेषरावभाऊंना तरास तुझ्यापायी. आता काय मानसानं तुझ्यामागं झाडूच घेऊन फिरावं का, मुन्ना?" ती त्याला रागावत होती, आवाज चढवून, दारासमोर खेळणाऱ्या लेकराला रागवावं तशी. तो गेल्यापासून ती त्याच्यावर पहिल्यांदाच रागावली होती. मग तिचा हात थांबला. "घ्या. सापडला." धूळ फुंकून तिनं बोल्ट शेषरावच्या हातावर ठेवला, आणि तशीच खाली बसून म्हणाली, "भाऊ, आता तुमी नका रागवू त्याच्यावर."

"न्हाई रागवत," शेषराव म्हणाला. बोल्ट भोकात बसवायला त्याला दोनदा हात पुसावा लागला.

प्रेमसिंग बॅटरी घेऊन आला तेव्हा ऊन कललं होतं. तारा जोडल्या. तो सीटवर चढला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा अडखळलं आणि तिसऱ्यांदा लागलं. प्रेमसिंगनं पाय दाबला आणि मान वळवून मागे पाहिलं. काळा लोट यायचा तिथे नुसती हवा हलत होती. इंजिनाचा आवाज एकसारखा, भरलेला, कुठे दम तुटत नव्हता. शेषराव कान देऊन ऐकत राहिला. असं स्वच्छ काम त्याच्या स्वतःच्या हातूनही रोज होत नव्हतं.

"वा, मिस्त्री!" प्रेमसिंग खाली उतरून म्हणाला. "धूर पार गेला की. गेल्याचं नाव काढू न्हाई, पर खरं सांगतो, मुन्नाच्या हाताला ही सफाई न्हवती."

"न्हवतीच," पार्वतीबाई म्हणाली. वाडगा तिच्या मांडीवर होता आणि ती हसत होती. "आवरायचं त्याला माहीतच न्हवतं."

शेषरावनं दोघांकडे पाहिलं. काही तरी म्हणायला हवं होतं.

"न्हवती," तो म्हणाला, आणि बोनेट खाली ओढून दोन्ही हातांनी दाबून बसवलं.